कुंपण मोजायचं की शेत?

‘एका आयताकृती बागेची लांबी ४० मीटर व रुंदी ३० मीटर आहे. बागेच्या आतून, कडेने सगळीकडे २ मीटर रुंदीचा रस्ता आहे. तर रस्त्याचे क्षेत्रफळ किती?’

आठवली का ही बाग? सहावी-सातवीत पहिली भेट. मग स्कॉलरशिपच्या गाइडमध्ये, मग दहावीला. दहावीनंतर आर्ट्स किंवा कॉमर्स घेतलं तेव्हा वाटलं, सुटलो बुवा. आणि आता तलाठी भरती, पोलीस भरती, बँकेची परीक्षा, एमपीएससीचं सीसॅट, जिकडे जावं तिकडे तीच बाग पुन्हा दारात उभी. कधी बागेऐवजी मैदान असतं, कधी हॉल. त्या बागेत झाडं कुठली आहेत हे आजवर कुणी सांगितलेलं नाही. खर्च मात्र कायम रस्त्याला, नाहीतर कुंपणाला!

मी मास कॉमची. आमचा गणिताशी संबंध शब्दमर्यादेपुरता, असा एक समज आहे. तो काही खरा नाही. वर्तमानपत्रातली मोठी जाहिरात चौरस सेंटीमीटरच्या दराने विकली जाते, आणि तिची लांबी-रुंदी दोन्ही दुप्पट करून मागितली की बिल दुप्पट नाही, चौपट येतं. असो. मला या बागेकडे पुन्हा बघायला लावलं ते माझ्या रूममेट्सनी. फ्लॅटवर आम्ही चौघी, त्यातल्या दोघी पोलीस भरतीची तयारी करतात. लेखी परीक्षा १०० गुणांची, वेळ ९० मिनिटं. म्हणजे एका गुणाला ५४ सेकंद. सूत्रांचा तक्ता किचनमध्ये गॅसच्या वर चिकटवलेला आहे, त्यामुळे चहा करता करता मलाही सगळी सूत्रं पाठ झालीत. आयताचं क्षेत्रफळ लांबी गुणिले रुंदी, परिमिती दोन कंसात लांबी अधिक रुंदी. पण रात्री सराव पेपर तपासताना जे चुकलेलं सापडतं, ते सूत्र विसरल्यामुळे चुकलेलं नसतं. सूत्र बरोबर, गुणाकार बरोबर, उत्तर चूक. कारण प्रश्नाने कुंपण विचारलेलं असतं आणि आपण शेत मोजून बसलेलो असतो.

शेवटची ओळ आधी

म्हणून पहिलं काम, आकड्यांना हात लावण्याआधी शेवटची ओळ वाचायची. तिथे बहुतेक वेळा दर असतो. ‘प्रति मीटर ४५ रुपये’ असं असेल तर काठ मोजायचा आहे, म्हणजे परिमिती. ‘प्रति चौरस मीटर’ असेल तर पोट, म्हणजे क्षेत्रफळ. ‘चौरस’ हा एक शब्द सगळा निकाल लावतो. आणि ५४ सेकंदांच्या घाईत डोळा नेमका त्याच शब्दावरून घसरतो.

दर दिलेला नसेल तर वस्तू बघा. तार, कुंपण, बांध, साडीचा फॉल, उशीला लावायची पायपिंग, फोटोची फ्रेम, मैदानाला मारलेल्या फेऱ्या, हे सगळं काठावरचं. फरशी, गालिचा, रंग, पत्रा, गवत, पेरणी, हे पोटातलं. सुतार किंवा फरशीवाले काका हा फरक शाळेत नाही, कामावर शिकलेले असतात. ते ‘रनिंग फूट’ आणि ‘स्क्वेअर फूट’ असे दोन वेगळे दर सांगतात आणि त्यांचा कधीच घोळ होत नाही.

तुमची खोलीच घ्या. १२ फूट बाय १० फूट, उंची १० फूट. फरशी घालायची तर १२० चौरस फूट. बांधकामवाले यालाच १.२ ब्रास म्हणतील, कारण अशा कामात १०० चौरस फुटांचा एक ब्रास. (वाळू-खडीचा ब्रास वेगळा, तो १०० घनफुटांचा. भाव विचारताना हे डोक्यात असू द्या.) भिंतीला खाली लागणारी स्कर्टिंगची पट्टी मात्र काठाने जाते. परिमिती ४४ फूट, त्यातून ३ फुटांचा दरवाजा वजा, राहिली ४१ रनिंग फूट. आता भिंतींना रंग. इथे गंमत आहे. चार भिंती सुट्या सुट्या मोजून बेरीज करत बसायची गरज नाही. चारही भिंती उलगडून एका रांगेत लावल्या तर ४४ फूट लांब आणि १० फूट उंच असा एकच आयत होतो, ४४० चौरस फूट. म्हणजे परिमितीला उंचीने गुणलं की भिंतींचं क्षेत्रफळ हातात. त्यातून ७ बाय ३ चा दरवाजा आणि ४ बाय ४ ची खिडकी, म्हणजे २१ आणि १६, वजा केले की उरले ४०३. रंगारी दार-खिडकीची जागा वजा करून पैसे घेणार की न करता, हे काम सुरू व्हायच्या आधी बोलून घ्या. परीक्षेत मात्र दार-खिडकीची मापं दिली असतील तर ती वजा करायलाच दिलेली असतात.

१३६ कुठून आलं?

आता त्या बागेकडे वळू. पूर्ण बाग १२०० चौरस मीटर. रस्ता आतून आहे, म्हणून आतली हिरवळ काढायची आणि वजा करायची. इथे खूप जण ४० मधून २ आणि ३० मधून २ कमी करतात. ३८ गुणिले २८ म्हणजे १०६४. वजाबाकी १३६. पर्यायांत बघतात तर १३६ आहे! आनंदाने गोल काळा करतात.

एकदा चित्र काढा. कच्चं, वाकडं चालेल. रस्ता डावीकडेही आहे आणि उजवीकडेही. वरही आणि खालीही. म्हणजे ४० मधून २ दोनदा जाणार, ३० मधूनही दोनदा. हिरवळ ३६ गुणिले २६, म्हणजे ९३६. रस्ता २६४ चौरस मीटर. चुकलेलं उत्तर जवळपास निम्मं आहे.

पण मला त्या १३६ मध्येच जास्त रस वाटतो, कारण ते पूर्ण खोटं नाही. ते वेगळ्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे. त्याच बागेत मधोमध एकमेकांना छेदणारे दोन रस्ते असते, एक लांबीला समांतर, एक रुंदीला, दोन्ही २ मीटर रुंद, तर? पहिला ८०, दुसरा ६०, आणि मधला २ बाय २ चा चौक दोनदा मोजला गेला म्हणून ४ वजा. १३६. पेपर काढणाऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं. पर्याय हवेतून येत नाहीत, आपण कुठे चुकणार याचा विचार करून ते ठेवलेले असतात. त्यामुळे ‘माझं उत्तर पर्यायांत सापडलं’ हा पुरावा नाही. उलट जरा थांबून, आपण नक्की कुठल्या प्रश्नाचं उत्तर काढलं, हे बघायची ती जागा आहे.

ताळा करायची सोपी युक्तीही आहे. रस्त्याच्या बरोब्बर मध्यावरून तुम्ही चालत एक फेरी मारली असं समजा. कडेपासून एक-एक मीटर आत, म्हणजे ३८ बाय २८ च्या आयतावरून. फेरी झाली १३२ मीटर. त्याला रस्त्याची रुंदी २ ने गुणा. २६४. जुळलं! रस्ता बागेच्या बाहेरून असेल तर मधली फेरी ४२ बाय ३२ ची, १४८ मीटर, आणि रस्ता २९६. ‘आतून’ आणि ‘बाहेरून’ या एका शब्दावर ३२ चौरस मीटर इकडचे तिकडे होतात.

काय बदललं नाही?

दुसऱ्या प्रकारचे प्रश्न म्हणजे तार वाकवण्याचे. ‘२८ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाकार तारेपासून चौरस तयार केला, तर चौरसाचे क्षेत्रफळ किती?’ हा प्रश्न इतका जुना आहे की त्या तारेला आता गंज चढला असेल. इथे बऱ्याच जणांना वाटतं, तार तीच, मग क्षेत्रफळही तेच असणार. पण तारेने काय टिकवून ठेवलं? फक्त स्वतःची लांबी. २२/७ धरून परीघ १७६ सेंटिमीटर. चौरसाची बाजू ४४, क्षेत्रफळ १९३६ चौरस सेंटिमीटर. वर्तुळाचं होतं २४६४. म्हणजे त्याच तारेतून ५२८ चौरस सेंटिमीटर जागा नाहीशी झाली.

अशा प्रश्नांत स्वतःला एवढंच विचारायचं, की यात काय बदललं नाही? तार वाकवली तर परिमिती तीच. कागद कापून तुकडे दुसऱ्या तऱ्हेने जोडले तर क्षेत्रफळ तेच. ‘आयताएवढ्याच क्षेत्रफळाचा चौरस’ म्हटलं तरी क्षेत्रफळ तेच. ३६ बाय १६ चा आयत, ५७६ चौरस मीटर. तेवढाच चौरस २४ बाय २४ चा. पण आयताला कुंपण लागतं १०४ मीटर, चौरसाला ९६.

हे पटत नसेल तर ६० मीटरची दोरी घेतलीये असं समजा. १५ बाय १५ चा चौरस केला तर आत २२५ चौरस मीटर जागा. २० बाय १० केला तर २००. २५ बाय ५ केला तर १२५. २९ बाय १ चा बोळ केला तर २९. दोरी एका सेंटिमीटरनेही वाढली-घटली नाही. आणि जमिनीची एक बाजू नदीला लागून असेल, तिकडे कुंपण नकोच असेल, तर त्याच ६० मीटरमध्ये १५, ३०, १५ अशा तीन बाजू घाला. जागा ४५० चौरस मीटर, चौरसाच्या दुप्पट. ‘तीन बाजूंना कुंपण’ हे तीन शब्द प्रश्नात दिसले की दोन कंसात लांबी अधिक रुंदी हे पाठ सूत्र बाजूला ठेवा आणि बोटाने चित्रावरून फेरी मारा.

मैदानावरही हेच दिसतं. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८. बाहेरची चौकट आखायला फक्की लागते ४६ मीटरची आणि ४० मीटरची, फारसा फरक नाही. पण खेळायची जागा १३० चौरस मीटर आणि ९६ चौरस मीटर. काठ सुमारे १३ टक्क्यांनी कमी झाला, जागा सुमारे २६ टक्क्यांनी.

भरतीवाल्यांसाठी मैदानावरचंच आणखी एक. पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर धावायचं असतं, म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या किंवा दोन. पण हे ४०० मीटर सगळ्यात आतल्या लेनचे. प्रमाणित ट्रॅकचे दोन सरळ भाग ८४.३९ मीटरचे आणि दोन अर्धवर्तुळं. आतल्या लेनची त्रिज्या, कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेर मोजलेली, ३६.८० मीटर. बेरीज करून बघा, ४०० येतात. आता तुम्ही सरावाला तिसऱ्या लेनमधून धावलात तर? सरळ भाग तेवढाच, त्रिज्या मात्र २.३४ मीटरने वाढली. परिघात वाढ २ पाय गुणिले २.३४, म्हणजे दर फेरीला १४.७० मीटर. चार फेऱ्यांत जवळपास ५९ मीटर जास्त. सकाळी सहाला जीव तोडून धावूनही टायमिंग बसत नाही म्हणून कुणी खचत असेल, तर तिने किंवा त्याने आधी लेन बघावी. शर्यतीत बाहेरच्या लेनवाल्याला पुढे उभं करतात ते याचसाठी. यात मैदान केवढं आहे याने फरक पडत नाही हे आणखी भारी. वर्तुळ गावच्या मैदानाएवढं असो की पृथ्वीएवढं, कडेपासून एक मीटर बाहेर सरकलात की फेरी सव्वासहा मीटरपेक्षा थोडी जास्त वाढते.

गुंठा, आर आणि हरवलेले फूट

एककांबद्दल थोडंसं, कारण इथे चुकलं तर बाकी सगळं बरोबर असूनही गुण जातात. एक मीटर म्हणजे सुमारे ३.२८ फूट. मग १०० चौरस मीटर म्हणजे ३२८ चौरस फूट? नाही. लांबीही ३.२८ पट आणि रुंदीही ३.२८ पट, म्हणून १०७६ चौरस फूट.

सातबारावर क्षेत्र हेक्टर आणि आर मध्ये असतं. एक आर म्हणजे १० बाय १० मीटर, १०० चौरस मीटर. १०० आर म्हणजे एक हेक्टर. बोलताना मात्र आपण गुंठे म्हणतो. गुंठा ३३ बाय ३३ फुटांचा, १०८९ चौरस फूट, आणि ४० गुंठ्यांचा एकर. हे ३३ कुठून आले? इंग्रजांची जमीन मोजायची साखळी ६६ फुटांची होती, एडमंड गंटरने १६२० मध्ये काढलेली. ३३ फूट म्हणजे तिची अर्धी. आर आणि गुंठा जवळजवळ सारखेच, १३ चौरस फुटांचा फरक. त्यामुळे लोक बोलण्यात दोन्ही एकच धरतात. एका आरला चालून जातं. ४० आरला एक एकर म्हटलं की सुमारे ५०० चौरस फूट गायब होतात, चांगली मोठी खोली होईल एवढे.

अर्ध्या गुंठ्याचाही असाच गोंधळ. ३३ चं निम्मं साडेसोळा, म्हणून १६.५ बाय १६.५ फुटांचा प्लॉट म्हणजे अर्धा गुंठा, असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. तो पाव गुंठा झाला. अर्धा हवा तर ३३ बाय १६.५.

चार बाजू पुरत नाहीत

इथवरचं सगळं आयताचं होतं. आयत शहाणा असतो, लांबी-रुंदी सांगितली की गप्प बसतो. पण गावाकडचं शेत कधी आयत असतं का? बांध वाकडे, एक बाजू ओढ्याने खाल्लेली. अशा शेताचा बांधावर बसून केला जाणारा एक हिशोब आहे. चारही बाजू मोजायच्या, समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. ऐकायला एकदम रास्त वाटतो.

करून बघू. शेताच्या बाजू ओळीने ६०, ५०, ६०, ५० मीटर. सरासऱ्या ६० आणि ५०. गुणाकार ३००० चौरस मीटर, म्हणजे ३० आर. आता हेच शेत काटकोनात नसून एका बाजूला कललेलं आहे, पत्त्यांचा जोड तिरका सरकवल्यासारखं. समोरासमोरचे दोन जवळचे कोपरे टेपने जोडले आणि अंतर आलं ५० मीटर. या रेषेने शेताचे दोन सारखे त्रिकोण झाले, प्रत्येकाच्या बाजू ६०, ५०, ५०. शाळेतलं हेरॉनचं सूत्र काढा बाहेर. परिमिती १६०, निम्मी ८०. ८० मधून एकेक बाजू वजा केली की २०, ३०, ३०. ८० गुणिले २० गुणिले ३० गुणिले ३० म्हणजे १४ लाख ४० हजार, त्याचं वर्गमूळ १२००. दोन त्रिकोण मिळून २४०० चौरस मीटर. २४ आर.

बाजू त्याच. कुंपणाचा खर्च तोच, २२० मीटरचा. जमीन सहा आर कमी! आणि बांधावरचा हिशोब चुकतो तेव्हा नेहमी जास्तीच्या बाजूनेच चुकतो, कधीच कमी नाही. तो बरोबर येतो फक्त आयताला. म्हणजे त्या हिशोबाने विकणाऱ्याचं कधीच नुकसान होत नाही. घेणाऱ्याने सहा आरचे पैसे हवेचे दिले, आणि त्याला चार बाजू मोजून दाखवल्या तर त्या बरोब्बर निघतात.

हा घोळ आजचा नाही. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये हाच सरासऱ्यांचा गुणाकार दिला, पण त्याला स्थूल, म्हणजे ढोबळ क्षेत्रफळ म्हटलं आणि सूक्ष्म क्षेत्रफळासाठी वेगळी रीत सांगितली. पुढे ११५० मध्ये भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त खरी मेख दाखवली, की चार बाजू तेवढ्याच ठेवूनही चौकोनाचे कर्ण बदलू शकतात, त्यामुळे क्षेत्रफळही बदलतं. कर्ण किंवा लंब यातलं काहीच न सांगता जो चौकोनाचं क्षेत्रफळ विचारतो, त्याला त्यांनी सरळ पिशाच म्हटलंय. आपल्या क्लासमधले सरसुद्धा इतके चिडत नाहीत. या भास्कराचार्यांचा आपल्याकडचा धागाही पक्का आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण इथे १२०७ चा शिलालेख आहे. त्यांचे नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची नोंद त्यावर आहे. पाटणादेवीला ट्रेकला जाणाऱ्यांनी या शिलालेखाची जरूर चौकशी करावी.

परीक्षेत हाच मुद्दा असा येऊ शकतो. ‘एका समांतरभुज चौकोनाकृती शेताच्या लगतच्या बाजू ६० मीटर व ५० मीटर आहेत. शेताचे क्षेत्रफळ किती?’ पर्याय : ३००० चौ.मी., २४०० चौ.मी., २२०० चौ.मी., दिलेली माहिती अपुरी. आकडे गुणायची सवय झालेला हात ३००० कडे जाईल. वरचा मजकूर वाचलेला २४०० कडे जाईल. पण या प्रश्नात कर्ण दिलेलाच नाही, उंचीही नाही. चौथा पर्याय. आणि प्रश्न क्षेत्रफळाऐवजी कुंपणाचा असता, तर हीच माहिती पुरली असती.

घरच्या शेताचं करून बघायचं असेल तर दोन माणसं, एक लांब टेप आणि वही पुरते. चार बाजू घ्या, मग पीक उभं नसेल अशा वेळी एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सरळ चालत जाऊन कर्ण घ्या. बांध वाकडा असेल तर जिथे वळतो तिथे खूण ठोका आणि शेताचे आणखी त्रिकोण पाडा. टेप ढिला सोडू नका. हा आकडा कायद्याच्या उपयोगाचा नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्यावा लागतो, मग भूकरमापक ईटीएस यंत्र किंवा रोव्हर घेऊन येतात. पण इसार देण्याआधी समोरच्याने सांगितलेले ३० आर आणि तुमच्या वहीतले २४ आर शेजारी शेजारी लिहिलेले असतील, तर मोजणी झाल्याशिवाय पैसे नाहीत एवढं घरच्यांना सांगायला तो कागद पुरेल.